चालण्याचा उष्मांक आणि चालण्याचे मोल

चालताना किती कॅलरी खर्च झाल्या, हे मोबाइलमधले अ‍ॅप क्षणात सांगते. त्या आकड्यात प्रत्यक्ष मोजलेले फार थोडे असते, बाकी सगळे अनुमान असते. साधे अ‍ॅप मुख्यतः पावले मोजते. पावलांवरून ते अंतर काढते आणि अंतर व वजन यांवरून शरीरात किती उष्णता निर्माण झाली असेल ते ठरवते. शरीरातला अग्नी कोणी पाहिलेला नसतो. न्यायदर्शनात अनुमानाचे ठरलेले उदाहरण याच जातीचे आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीचे ज्ञान होते, पण ते कधी आणि किती खरे मानावे याचे नियम आहेत. म्हणून हा प्रश्न शरीरशास्त्राइतकाच दर्शनशास्त्राचाही आहे. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, तो नीतीचा: चालण्याचा खर्च कळला म्हणजे चालण्याचे मोल कळले का?

शरीराच्या बाबतीत धुराच्या जागी श्वास आहे. प्राण्यांचे श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याने अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगाने दाखवले. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी, आणि आहाराच्या बोलण्यात तिलाच आपण कॅलरी म्हणतो. शरीराने एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ किलोकॅलरी मोकळ्या होतात. म्हणून प्रयोगशाळेत चालणाऱ्या माणसाच्या तोंडावर मुखवटा बसवतात, त्याने किती ऑक्सिजन घेतला ते मोजतात आणि त्यावरून उष्णता काढतात. अनेक माणसांवर अशी मोजणी झाली आणि तिच्यातून काही सूत्रे तयार झाली.

त्यांतले सर्वांत प्रचलित सूत्र सोपे आहे. स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन घेतो. सपाट रस्त्यावर चालताना त्यात दर मीटरमागे ०.१ मिलिलिटरची भर पडते. पन्नास किलो वजनाचा माणूस ताशी ४ किलोमीटर वेगाने चालला तर तासाला सुमारे १५० किलोकॅलरी खर्च होतात. त्यांतल्या पन्नासेक तो बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या. चालण्याचा म्हणून खरा खर्च उरतो तो तासाला सुमारे १००, म्हणजे किलोमीटरला २५. सोपा नियम असा: सपाट रस्त्यावर दर किलो वजनाला, दर किलोमीटरला अर्धी किलोकॅलरी. पुष्कळ अ‍ॅप बसल्या जागेचा खर्चही चालण्याच्या खात्यात धरतात, त्यामुळे त्यांचा आकडा फुगलेला दिसतो.

पंचवीस किलोकॅलरी म्हणजे किती, हे नागभीडसारख्या भाताच्या मुलखात तांदळानेच सांगावे. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात, म्हणजे एक किलोमीटर चालायला ७ ग्रॅम तांदूळ लागतो, जेमतेम दीड छोटा चमचा. चंद्रपूर जिल्ह्यातील याच नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या गावी, दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी वेगळे राखले आणि हंगामामागून हंगाम निवड करत एक बारीक, चवदार वाण उभा केला. मनगटी घड्याळावरून त्याचे नाव ‘एचएमटी’ पडले आणि देशभरातल्या ताटांत तो पोचला. दादाजी २०१८ साली गेले. त्यांच्या तांदळाचा दीड चमचा एका माणसाला एक किलोमीटर नेतो. निसर्गाने चालणे किती स्वस्त करून ठेवले आहे, हे या हिशेबावरून दिसते. कमी अन्नात लांब जाता येणे ही माणसाच्या जातीची जुनी कमाई आहे.

मात्र हे अनुमान ज्या अटींवर उभे आहे त्या विसरता येत नाहीत. नैयायिकांनी अशा लपलेल्या अटीला ‘उपाधी’ म्हटले आहे. धूर आहे तिथे अग्नी असतो, पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असे नाही. त्यासाठी इंधन ओले असावे लागते, आणि हे ओले इंधन म्हणजे उपाधी. जे अनुमान उपाधीकडे दुर्लक्ष करते ते दोषी ठरते. पावलांवरून कॅलरी काढण्यातही उपाध्या आहेत: चढ, डोक्यावरचे ओझे, पायाखालची जमीन. सूत्र यांतले काही जमेस धरू शकते, खिशातले अ‍ॅप बहुधा धरत नाही.

चढ हे पहिले उदाहरण. तळोधीजवळच्या पेरजागडावर, म्हणजे सात बहिणींच्या डोंगरावर, दर दहा मीटरला एक मीटर चढणारी वाट ताशी ३ किलोमीटर वेगाने चढली, तर त्याच वेगाने सपाटीवर चालण्यापेक्षा दुप्पट ऑक्सिजन लागतो. ओझे आणि जमीन यांचा हिशेब पँडॉल्फ या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली मांडलेल्या समीकरणात आहे. सैनिकांच्या पाठीवरच्या ओझ्यासाठी ते तयार झाले. त्यात वाटेला गुणक दिलेले आहेत: पक्क्या रस्त्याला १, दाट झुडपांना १.५, दलदलीला १.८. पन्नास किलोची बाई मोकळ्या हाताने डांबरी रस्त्यावर ताशी ४ किलोमीटरने चालली तर या समीकरणाप्रमाणे तासाला सुमारे १४५ किलोकॅलरी लागतात. तीच बाई वीस किलो ओझे घेऊन त्याच वेगाने दाट झुडपांतून आली, तर आकडा २५० पर्यंत जातो. रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या बांधीतून चालणे दलदलीच्याच जवळचे आहे. पावले तितकीच पडतात, खर्च दीडपट-पावणेदोनपट होतो.

ओझ्याच्या सूत्रालाही उपाधी आहेच. पूर्व आफ्रिकेतील लुओ आणि किकुयू स्त्रियांवरचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रिया आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचे ओझे नेताना वेगळी ऊर्जा खर्च करत नाहीत, असे त्यात आढळले. लहानपणापासून ओझी वाहून त्यांच्या चालीत असा तोल आला होता की शरीराचा झोकाच ओझ्याला पुढे नेत होता. सैनिकाच्या पाठीवरून काढलेले समीकरण चुंबळ ठेवून मोळी आणणाऱ्या बाईला जसेच्या तसे लावता येणार नाही.

मोहफुलांच्या हंगामात अनुमानाचा सर्वांत मोठा दोष उघडा पडतो. फाल्गुन-चैत्रात नागभीडच्या भोवतालच्या जंगलात मोहाची फुले रात्री उशिरापासून सकाळपर्यंत गळतात. ती वेचायला बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच साफ केलेला असतो. तिथे पोचल्यावर बाई कमरेत वाकते किंवा उकिडवी बसते आणि पिवळसर, रसरशीत फुले एकेक करून टोपलीत टाकते. तास-दोन तास ती एका झाडाच्या घेरातच सरकत असते. तिच्या कमरेला पावले मोजणारे यंत्र बांधले, तर या वेळात त्यावरचा आकडा जवळजवळ थांबलेला दिसेल. कंबर, मांड्या आणि बोटे यांचे काम त्याच्या भाषेत नाहीच. उन्हाळा चढला की तेंदूपत्ता सुरू होतो. पाने तोडायची, घरी आणायची, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचे. इथे बसून पुडे बांधणे हेही श्रमच आहे. शिवाय हा मुलूख ब्रह्मपुरी वनविभागातला, वाघाच्या वावराचा. फुले आणि पाने वेचताना माणसे वाघाच्या हल्ल्यात मेलेली आहेत. प्रत्येक सळसळीला कान देऊन चालणाऱ्या माणसाच्या मनावरचा भार कोणत्याही कॅलरीत बसत नाही.

चालण्याचे प्रकार वेगळे आहेत, ही जाण आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत ‘अध्वा’ आणि ‘चंक्रमण’ यांत स्पष्ट भेद केला आहे. अध्वा म्हणजे वाट तुडवणे. ते कफ आणि स्थूलता घालवते, पण त्याबरोबर कांती आणि सुकुमारताही नेते. चंक्रमण म्हणजे देहाला फार पीडा होणार नाही असे फिरणे. ते आयुष्य, बळ, मेधा आणि अग्नी वाढवते व इंद्रियांना जागे ठेवते. अंतर एकच असेल, पण शरीराला झेपते की नाही यावर फळ ठरते. व्यायामाची मात्रा सांगताना सुश्रुताने अर्ध्या बळापर्यंतची मर्यादा घातली आहे आणि तिची खूण दिली आहे ती श्वासाची: छातीतला वायू तोंडाशी येऊ लागला, म्हणजे धाप लागू लागली, की अर्धे बळ खर्च झाले असे समजावे. ऑक्सिजन मोजणारे यंत्र जे सांगते तेच इथे प्रत्येकाच्या स्वतःच्या छातीला विचारलेले आहे. या मापात सरासरी माणूस नाही. ज्याचा श्वास त्याचे माप.

बौद्ध परंपरेत चंक्रमण साधनेचा भाग झाले. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ दिलेले आहेत: लांबचा प्रवास झेपू लागतो, प्रयत्नाची शक्ती येते, आजार कमी होतात, खाल्लेले-प्यायलेले नीट पचते, आणि चंक्रमणात मिळवलेली समाधी दीर्घकाळ टिकते. या यादीत शरीर आणि चित्त एकाच ओळीत बसवले आहेत. पचन हा लाभ कमी प्रतीचा आणि समाधी वरच्या प्रतीची असे म्हणून पचनाला वगळलेले नाही. हा आकड्याकडे पाहण्याचा मध्यम मार्ग म्हणता येईल. शरीराच्या हिशेबाला तुच्छ मानायचे नाही आणि तोच शेवटचा हिशेब आहे असेही धरायचे नाही. आहाराच्या मात्रेबद्दल संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. तो एका वेळी द्रोणभर भात खाई आणि जेवून धापा टाकीत बुद्धाकडे येई. मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश त्याला मिळाला. मग त्याने एका तरुणाला जेवणाच्या वेळी तो उपदेश ऐकवायला नेमले, आणि हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला. मोजमाप त्याला उपयोगी पडले, कारण ते स्वतःच्या अतिरेकाला घातलेले माप होते.

भगवद्‌गीतेच्या सहाव्या अध्यायातला ‘युक्ताहारविहार’ हा शब्द मराठीत रोजच्या बोलण्यात आला आहे. विहार म्हणजे करमणूक, असा अर्थ आज बहुतेकांच्या मनात येतो. शंकराचार्यांनी भाष्यात विहाराचा अर्थ ‘पादक्रम’ असा दिला आहे, म्हणजे पाऊल टाकणे, चालणे. अन्न आणि चालणे, दोन्ही नेमक्या मापाची असावीत, असा त्या शब्दाचा आशय होतो. आजच्या भाषेत एका बाजूला आत गेलेल्या कॅलरी आणि दुसऱ्या बाजूला चालण्यात खर्चलेल्या कॅलरी यांचा मेळ. फरक उद्देशाचा आहे. गीतेत हा मेळ दुःख नाहीसे करणाऱ्या योगासाठी आहे. शरीर हलके करणे हा तिथला मुक्काम नाही.

अध्वा आणि चंक्रमण यांहून वेगळे असे तिसरे चालणे आहे. ते स्वतःच्या आरोग्यासाठी नाही आणि पोटासाठीही नाही. बुद्धाने भिक्षूंना बहुजनांच्या हितासाठी सांगितलेली चारिका, महानुभाव पंथाच्या आचारधर्मातले अटन, जैन साधूंचा पायी विहार, पंढरीची वारी, १९५१ साली पोचमपल्लीहून सुरू झालेली विनोबांची भूदान पदयात्रा ही सगळी या जातीची. इथे पाय झिजवणे हाच धर्माचरणाचा भाग आहे. वाहनाने तेच अंतर तोडले तर उद्देश हुकतो. जमीन मागणारा माणूस गाडीतून येतो तेव्हा आणि तळपायाला फोड आलेले असताना येतो तेव्हा मागण्यात फरक पडतो. इथे खर्च हीच साक्ष होते. कॅलरीचे माप साक्षीची किंमत सांगू शकत नाही, पण साक्ष फुकटची नव्हती एवढे सांगू शकते.

अध्वा, चंक्रमण आणि चारिका यांना सूत्र लावले तर पन्नास किलोच्या माणसासाठी तिन्हीकडे किलोमीटरला २५ हाच आकडा येतो. याचा अर्थ आकडा खोटा आहे असा नाही. आकडा शरीर या एकाच साक्षीदाराचे बोलणे ऐकतो. चालणारा स्वतःच्या इच्छेने निघाला की पोटाने त्याला बाहेर काढले, परतल्यावर त्याच्यासमोर भरलेले ताट आहे की अर्धे, तो कोणासाठी चालला, या गोष्टी दुसऱ्या साक्षीदारांना विचाराव्या लागतात.

शरीराबद्दलही हा साक्षीदार सगळे सांगत नाही. शरीर म्हणजे जितके लाकूड तितकी आग देणारी चूल नव्हे. टांझानियातील हाडझा लोक शिकार आणि कंदमुळे यांच्यासाठी रोज कितीतरी चालतात. त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी मोजला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. शरीराचे आकारमान जमेस धरले असता तो बैठे जीवन जगणाऱ्या पाश्चात्त्यांहून वेगळा निघाला नाही. चालण्यात गेलेली ऊर्जा शरीर दुसरीकडे काटकसर करून भरून काढते, असा पाँट्झर यांनी त्याचा अर्थ लावला.

शरीराची गरज एका आकड्यात बसवता येते का, या प्रश्नावर महाराष्ट्रात आधीच मोठा वाद झालेला आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास मांडला. दिवसाला माणशी २,२५० कॅलरी मिळवून देईल इतका खर्च ज्यांना करता येत नाही ते दरिद्री, अशी त्यांनी रेषा धरली. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी सरासरी गरजेला अशी कापणीची रेषा बनवण्यावर आक्षेप घेतला. एकाच माणसाचा आहार आणि खर्च दिवसादिवसाला, आठवड्याआठवड्याला बदलतो, शरीर काही मर्यादेत स्वतःला सावरून घेते, म्हणून सरासरीखाली आलेला प्रत्येक जण उपाशी ठरत नाही, असे ते म्हणत. दांडेकरांनी त्याला उत्तरे दिली. टीकाकारांची मुख्य भीती अशी होती की शरीर सावरते म्हणून भूक नाहीच, असे कोणी म्हणू लागेल.

दोन्ही बाजूंत सत्य आहे आणि ते नीतीच्या प्रश्नापाशी एकत्र येते. शरीर सावरून घेते हे खरे, पण सावरताना ते कुठून तरी काढून घेते. काटकसर करणारे शरीर वाढ, रोगाशी लढण्याचे बळ किंवा विसावा यांतून कापते. ज्याच्याकडे साठा आहे त्याच्यासाठी ही काटकसर सोसण्यासारखी आहे. ज्याच्याकडे साठा नाही त्याच्यासाठी ती कर्ज काढण्यासारखी आहे.

या कर्जाचा हिशेब ढोबळपणे करता येतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत ५५ किलो वजनाच्या स्त्रीची रोजची गरज बैठ्या कामाला १,६६० आणि कष्टाच्या कामाला २,७२० किलोकॅलरी धरली आहे. मधला फरक १,०६०, म्हणजे तांदळात सुमारे ३०० ग्रॅम. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. रोजचे ते १६७ ग्रॅम होते, सुमारे ५८० किलोकॅलरी. श्रम करणाऱ्या बाईला बैठ्या बाईपेक्षा जे जास्तीचे लागते, त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक या धान्यातून भरते. उरलेले आणि मूळची सगळी गरज मजुरीतून, धानातून आणि त्याच मोहफुलांतून व पानांतून भरायची असते. भरले नाही तर ते अंगावर निघते.

यावरून चालण्याच्या कॅलरी मोजण्याचा धर्म ठरवता येतो. ज्याच्या ताटात जास्त आहे, त्याने हा आकडा पसेनदीप्रमाणे स्वतःच्या अतिरेकाला लावावा. त्याने चंक्रमण करावे, धाप लागण्याच्या आत थांबावे, आणि आकड्याला पुण्य समजू नये. जो पोटासाठी वाट तुडवतो, त्याच्यासाठी हाच आकडा दुसऱ्या बाजूने वाचावा लागतो. तिथे तो किती जळले हे सांगत नाही, किती देणे लागते हे सांगतो. रोजगाराची मजुरी, तेंदूपत्त्याचा दर आणि रेशनचे धान्य ठरवणाऱ्यांनी तो वाचायचा असतो, आणि वाचताना ओझे, चढ, चिखल, वाकलेली कंबर या उपाध्या गाळायच्या नसतात. अनुमानात उपाधी गाळणे हा न्यायशास्त्रात दोष आहे. तोच दोष माणसाच्या अन्नाचा हिशेब करताना झाला तर तो अन्याय होतो.

मोहफुलांची टोपली डोक्यावर घेऊन जंगलातून परतणाऱ्या बाईच्या प्रत्येक किलोमीटरला किमान सात ग्रॅम तांदूळ लागतो. तो तिच्या ताटात पडला पाहिजे.